बजबजच्या यार्डातल्या शर्वाणीताई

शर्वाणी आठल्ये ह्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या काँक्रीटच्या एका भल्यामोठ्या ठोकळ्याला गाल लावून उभ्या होत्या. हिवाळ्यातली सकाळ होती. बजबजला हुगळीच्या काठावर पुलाचे भाग ओतायचं यार्ड होतं आणि मी तिथे सरकारतर्फे गुणवत्ता तपासनीस म्हणून नुकताच बदलून आलो होतो. नदीवरून बोचरा वारा येत होता. आजूबाजूला पंचवीसतीस माणसं आपापली कामं करत होती, आणि पन्नाशी उलटलेली एक बाई डोळे मिटून काँक्रीटला गाल टेकून उभी आहे ह्याचं कुणालाही काही वाटत नव्हतं.

मग त्यांनी डोळे उघडले, खिशातून फोन काढून पाहिला आणि समाधानाने मान हलवली.

"गाल म्हणाला चाळीस अंशांच्या वर. आतला सेन्सर म्हणतो बेचाळीस. गाल पास झाला," त्या मला मराठीत म्हणाल्या. "तुम्ही कुलकर्णी ना? नाव वाचला मी ऑर्डरमध्ये. या, चहा खाणार?"

चहा खाणार, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बंगालीत चहा खातात, पाणी खातात, सिगारेटही खातात. शर्वाणीताईंचा जन्म भवानीपूरचा, शिक्षण इथलंच, नोकरी इथलीच. आजोबा खिदिरपूरच्या गोदीतल्या एका कचेरीत कारकून म्हणून आले आणि परत गेलेच नाहीत. वडील इथल्या शाळेत गणित शिकवायचे. घरात मराठी टिकली होती, पण तिच्यातलं लिंग मात्र बंगालीने केव्हाच पुसून टाकलं होतं. 'माझा आई' आणि 'तो गाडी आला' हे त्या इतक्या आत्मविश्वासाने म्हणत, की माझी बायको त्यांना भेटून आली त्या संध्याकाळी आम्हालाच आमच्या व्याकरणाची शंका यायला लागली. पुलाच्या एका भागाची कड केसाएवढी तिरकी असली तरी ज्यांची झोप उडायची, त्या बाई 'पूल झाली' असं बिनधास्त म्हणायच्या. यार्डाच्या त्या प्रमुख होत्या, पण त्यांना सगळे 'शर्बानीदी' म्हणत. मी ताई म्हणू लागलो.

पुलाबद्दल सांगायला हवं. शहराच्या दक्षिणेला एका कालव्यावर जुना पूल होता, तो धोक्याचा ठरवून बंद केला होता. ह्या शहराने पूल कोसळलेले पाहिलेत, त्याला पुलांची भीती ठाऊक आहे, त्यामुळे बंद केल्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. पण कालव्याच्या एका अंगाला वस्ती आणि दुसऱ्या अंगाला शाळा, बाजार, इस्पितळ. माणसं बांबूच्या साकवावरून सायकली खांद्यावर घेऊन जायची. आजारी माणसाला न्यायचं तर गाडीला पार लांबचा वळसा. नवा पूल वळण घेत जाणार होता, आणि त्याचे भाग बजबजला ओतून ट्रेलरवरून नेऊन तिथे जोडायचे होते.

"काकडीच्या चकत्या कापल्या आणि परत एकाला एक लावून काकडी केला, तसं आहे," शर्वाणीताईंनी मला पहिल्या दिवशी समजावलं. मला ते माहीत होतं, पण त्यांच्या समजावण्यात अशी गोडी होती की मी ऐकत राहिलो. पहिली चकती तयार झाली की तिच्याच अंगाला लावून दुसरी ओतायची, म्हणजे दोघींची तोंडं एकमेकींत बरोबर बसतात. मग दुसरीला लावून तिसरी. ह्यात एकच गोम आहे. एखादी चकती किंचित तिरकी झाली, तर तो तिरकेपणा पुढच्या सगळ्यांना लागतो. सुरुवातीला डोळ्यांना न दिसणारी चूक शेवटी अशी वाढते, की दोन्ही काठांवरून येणारे पुलाचे हात मध्ये एकमेकांना भेटतच नाहीत.

बाकीच्या यार्डांत हे काम घड्याळावर आणि अनुभवावर चालायचं. काँक्रीट ओतलं, ठरलेले तास गेले, साचा उघडा, उचला. शर्वाणीताईंनी लोखंडाच्या जाळीला, काँक्रीट ओतायच्या आधी, तापमान सांगणारे छोटे सेन्सर बांधायला लावले. काँक्रीट आतून किती तापलंय, किती वेळ तापलंय, त्यावरून ते किती पक्कं झालंय हे संगणक सांगायचा. साचा उघडला की लेझरचा स्कॅनर चकतीभोवती फिरायचा आणि तिचं अगदी खरं रूप, खड्ड्याखळग्यांसकट, संगणकातल्या पुलात जाऊन बसायचं. कालव्यावर एक पूल होत होता आणि संगणकात त्याच्या थोडा पुढे दुसरा. एखादी चकती नीट बसणार नसेल तर ते संगणकातल्या पुलात आधी कळायचं, म्हणजे पुढची ओतताना तेवढी दुरुस्ती करता यायची.

हे सगळं आता खूप ठिकाणी होतं. पण एखाद्या माणसाने ते आपल्या अंगात मुरवून घेतलेलं मी तिथेच पाहिलं.

यार्डाचा फोरमन होता हल्दार. आवाज भोंग्यासारखा, रागही तसाच. सेन्सरच्या तारा पहिल्यांदा आल्या तेव्हा त्याने त्या गुंडाळून कपाटात टाकल्या होत्या, असं मला इतरांनी सांगितलं. "बायकोने सासूला घरात आणावं तसं वाटलं मला," तो स्वतःच मोठ्याने सांगायचा. "आता सासू रात्रंदिवस आत बसून आपल्या चुका सांगणार." शर्वाणीताईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्यांनी ऑफिसातला मोठा स्क्रीन उचलून पत्र्याच्या त्या शेडमध्ये लावला, जिथे माणसं डबा खायला बसायची. संगणकातला पूल सगळ्यांसमोर. चकती ओतली की ती तिथे पिवळी दिसायची, पक्की होत गेली की हळूहळू हिरवी. महिन्याभरात असं झालं, की डबा खाताना माणसं क्रिकेटची मॅच बघावी तशी ती हिरवी व्हायची वाट बघू लागली. कुणाच्या टोळीची आधी होते ह्यावर चहाच्या पैजा लागू लागल्या. सेन्सरच्या डबीवर एक बारीक दिवा लुकलुकायचा, म्हणून मजुरांनी त्याचं नाव 'जोनाकी' ठेवलं. जोनाकी म्हणजे काजवा. पुढे हल्दारच नव्या माणसांना दम देऊ लागला, "जोनाकीची तार तोडलीस तर हात तोडीन."

मी एकदा विचारलं, "स्क्रीन बाहेर लावायचं कसं सुचलं?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "ज्यांनी बनवला त्यांनी बघायचा नाही तर कोण बघणार? मी एकटा आत बसून बघू?"

त्या पहिल्याच हिवाळ्यातली एक सकाळ मी विसरणार नाही. थंडीची लाट होती. एक चकती ओतून ठरलेले तास होऊन गेले होते. ट्रेलर दारात उभा होता, शहरातून तो नेण्याची परवानगी त्याच दिवसाची होती. प्रयोगशाळेतून निरोप आला की त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे दाबून पाहिले, उत्तम आहेत. प्रकल्पाचे संचालक सेनगुप्ता स्वतः आले होते. फक्त स्क्रीनवर ती चकती पिवळीच होती.

"सेन्सर बिघडला असेल," सेनगुप्ता म्हणाले. "ठोकळे पास झालेत. उचला."

शर्वाणीताई म्हणाल्या, "ठोकळे टाकीतल्या कोमट पाण्यात झोपले होते, साहेब. ही चकती नदीच्या वाऱ्यात उभी होती. दोघांची रात्र सारखी गेली नाही. काँक्रीटला घड्याळ समजत नाही."

"परवानगी आजची आहे."

"उद्याची मी आणते."

सेनगुप्तांनी क्रेनवाल्याला हात केला. तेव्हा शर्वाणीताईंनी काय केलं, तर बाजूची शिडी चढून त्या चकतीवर गेल्या आणि मांडी घालून बसल्या. पुरुषी बूट, सलवार, डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगावर शाल. कुठलाही आवेश नव्हता. खिशातून बडीशेपेची पुडी काढून त्यांनी चिमूटभर तोंडात टाकली.

"उचलायची तर मला धरून उचला," त्या वरून म्हणाल्या.

हल्दारने क्रेनची किल्ली काढून घेतली आणि लुंगीच्या गाठीत बांधली. सेनगुप्ता फोनवर बोलत दूर गेले. दुपारपर्यंत सगळं तसंच. ऊन आलं, त्या शाल काढून बसल्या, कुणीतरी वर चहा दिला. मग शेडमधून आरडाओरड ऐकू आली. स्क्रीनवर चकती हिरवी झाली होती. त्या खाली उतरल्या, पाय झटकले आणि म्हणाल्या, "आता घेऊन जा. सावकाश."

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका यार्डातून बातमी आली. तिथे थंडीत असाच एक भाग घाईने उचलला होता. उचलायच्या कड्या काँक्रीटमधून निसटून बाहेर आल्या आणि तो वरून खाली पडला. नशिबाने खाली कुणी नव्हतं. सेनगुप्तांनी ही बातमी शर्वाणीताईंना स्वतः येऊन सांगितली. ताईंचा चेहरा पडला. आपलं खरं ठरलं ह्याच्या समाधानाचा लवलेशही त्या चेहऱ्यावर नव्हता. "कुणी नव्हतं ना खाली? नक्की?" एवढंच त्यांनी दोनदोनदा विचारलं.

हे असं का, ते मला पुढे भवानीपूरला त्यांच्या घरी कळलं. तिथे त्या आणि त्यांचे वडील, दोघंच. वडील नव्वदीला टेकलेले, कान गेलेले, पण मराठी मात्र खणखणीत आणि शुद्ध. मुलीचं प्रत्येक लिंग ते सुधारायचे आणि ती प्रत्येक वेळी तेच परत म्हणायची. त्या पूर्वी एका मोठ्या डिझाइन ऑफिसात होत्या, वातानुकूलित खोलीत, नदीपासून खूप लांब. एकदा हावड्याला एका कारखान्याच्या इमारतीत त्यांनी काढलेल्या आराखड्याचे तयार भाग बसवत होते. त्या सहज बघायला गेल्या होत्या. एक तुळई जागेवर बसेना. आराखड्यात ती बरोबर होती, ओतताना थोडी फुगली होती. माणसं पहारीने ढकलत होती. ती अचानक बसली, आणि एकाची बोटं मध्ये सापडली.

"माझ्या कागदावर सगळं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. वडिलांसाठी त्या मासिक चाळून ठेवत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. "एक मिलिमीटर चूक नाही. आणि बोटं त्याचा गेला."

"त्याची गेली," वडील म्हणाले. त्यांना कसं कोण जाणे, तेवढं ऐकू आलं होतं.

"हो बाबा. त्याची गेली."

त्यानंतर त्यांनी बदली मागून घेतली. ऑफिसातल्यांना वाटलं, ह्यांचं डोकं फिरलं. आराखड्यातली बाई यार्डात जाऊन चिखलात काय करणार? त्यांनी तिथे जाऊन पहिली गोष्ट ही ठरवली, की ओतलेली वस्तू खरी कशी झाली आहे हे कुणीतरी बघायला हवं, आणि ते माणसाच्या हाताच्या आधी बघायला हवं.

आता जे सांगतो ते मी स्वतः बघितलं नसतं तर माझाही विश्वास बसला नसता.

दुसऱ्या हिवाळ्यात काम जोरात होतं. कालव्याच्या दोन्ही काठांवरून पूल पुढे सरकत होता. प्रत्येक सांधा मी तपासत होतो आणि प्रत्येक सांधा नियमात बसत होता. महिन्याची बैठक होती. सेनगुप्ता होते, सरकारतर्फे माझे वरिष्ठ आणि मी. सगळे खुशीत. बैठक संपत आली तेव्हा शर्वाणीताई उभ्या राहिल्या.

"थांबवायला पाहिजे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मॉडेल चुकलंय. संगणकातला पूल चुकलाय."

सेनगुप्तांनी मिटलेली फाइल परत उघडली.

त्यांनी फळ्यावर चित्र काढलं. ताजं काँक्रीट तापतं. ते जिला लागून ओतलेलं असतं ती जुनी चकती त्या बाजूने तापते, आणि दुसऱ्या बाजूने तिला नदीचा गार वारा लागतो. एका बाजूने गरम, एका बाजूने थंड, त्यामुळे ती थोडी वाकते, उन्हात टाकलेली फळी वाकते तशी. नवी चकती त्या वाकलेल्या अंगाला लागून घट्ट होते. दुसऱ्या दिवशी जुनी निवते, सरळ होते. नवीच्या अंगावर मात्र ते वाकडेपण कायमचं राहतं.

"हे पुस्तकात आहे, मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पण मी ते इतकं लहान धरलं की मॉडेलला सांगितलंच नाही. मॉडेल जुनी चकती सरळ आहे असं समजून चाललंय. आतले सेन्सर मला दोन्ही बाजूंचं तापमान रोज सांगत होते. मी फक्त पक्केपणा बघत होते, फरक बघत नव्हते."

सेनगुप्ता म्हणाले, "पण सगळे सांधे नियमात आहेत. हे कुलकर्णीच सांगतील."

मी म्हणालो की आहेत.

"एकेक नियमात आहे. सगळे मिळून नाहीत," त्या म्हणाल्या. "सगळ्या चुका एकाच दिशेच्या आहेत. असंच चालू ठेवलं तर मध्ये दोन्ही टोकं समोरासमोर येणार नाहीत. हाताच्या रुंदीएवढा फरक पडेल."

"खात्री आहे?"

"आहे. आणि चूक मॉडेलची नाही, माझी आहे. मी त्याला अर्धंच सांगितलं."

मी त्या टेबलाभोवतीच्या चेहऱ्यांकडे बघत होतो. ही गोष्ट त्या खोलीत दुसऱ्या कुणालाही सापडली नसती. पूल मध्ये आला असता, फरक दिसला असता, तेव्हा दोष कुणावर टाकायचा ह्याची शंभर उत्तरं होती. पाया खचला, मोजणीवाल्यांनी गडबड केली, ट्रेलरमध्ये हादरे बसले. त्या गप्प बसल्या असत्या तर त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं. मी इतकी वर्षं नोकरीत आहे, बैठकीत उभं राहून, कुणी विचारलं नसताना, पुराव्यासकट स्वतःची चूक मांडणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

काम थांबलं. वर्तमानपत्रात बातमी आली, कालव्याकाठच्या लोकांनी मोर्चा काढला. सेनगुप्तांनाही वरून बोलणी बसली. शेवटी त्यांनी शर्वाणीताईंना यार्डाच्या प्रमुखपदावरून काढलं आणि दिल्लीहून तिवारी नावाचा तिशीतला मुलगा आणला. शर्वाणीताई 'सल्लागार' झाल्या, म्हणजे त्यांना खोली राहिली नाही. त्यांनी आपलं टेबल नमुन्याच्या ठोकळ्यांच्या टाकीशेजारी मांडलं.

मला वाटलं, आता राजीनामा देतील. हल्दारलाही तसंच वाटलं. तो तणतणत त्यांच्याकडे आला. मी तिथेच होतो.

"दीदी, त्या पोराच्या हाताखाली मी काम करणार नाही. माझी टोळीही करणार नाही."

"का?"

"का म्हणजे? तुमची खुर्ची त्याने घेतली."

"खुर्ची दिलीय त्याला, घेतली नाही," त्या म्हणाल्या. "आणि हल्दारदा, चूक कुणी केली?"

हल्दार टाकीतल्या पाण्याकडे बघू लागला.

"मी केली. मग राग त्याच्यावर का? त्याला तर पोहायला येत नाही आणि नदीत टाकलंय. जा, त्याला चहा पाठवा. साखर कमी घेतो तो."

तिवारीने पहिल्याच दिवशी स्क्रीन शेडमधून काढून आपल्या थंडगार खोलीत नेला होता. धूळ लागते म्हणून. मजुरांमध्ये धुसफूस सुरू झाली. दुपारी डबा घेऊन शर्वाणीताई तिवारीच्या खोलीत गेल्या आणि स्क्रीनसमोर बसून पोळीभाजी खाऊ लागल्या. थोड्या वेळाने हल्दार भाताचा डबा घेऊन आला आणि शेजारी बसला. मग एकेक करत सगळी टोळी. सिमेंटने माखलेले पाय, माशाच्या कालवणाचा वास, पस्तीस माणसं त्या थंड खोलीत दाटीवाटीने जेवत स्क्रीन बघताहेत आणि तिवारी भिंतीला पाठ लावून उभा. शर्वाणीताईंनी त्याला एक पोळी गुंडाळून दिली. दुसऱ्या दिवशी स्क्रीन परत शेडमध्ये होता. त्या दिवसापासून तिवारी रोज संध्याकाळी टाकीशेजारच्या टेबलापाशी स्टूल ओढून बसू लागला.

वाकण्यावर तोडगा त्यांनीच शोधला. जुन्या चकतीला थंडी लागू द्यायची नाही, म्हणजे ती दोन्ही बाजूंनी सारखीच गरम राहील. परदेशात त्यासाठी वाफेची महागडी आवरणं वापरतात. त्या बजबजच्याच एका तागाच्या गिरणीत गेल्या आणि तिथल्या बायकांकडून तागाच्या जाड, अनेक पदरी गोधड्या शिवून घेतल्या, चकतीच्या अंगाच्या मापाच्या. नव्या आणि जुन्या चकतीला मिळून एकच पांघरूण. आणि सेन्सर आता दोन्ही अंगांचा फरक सांगू लागले. फरक वाढला की गोधडी बदलायची.

पण जे आधी वाकलं होतं त्याचं काय? ते पुलात बसलं होतं, काढता येणार नव्हतं. इथे मला त्यांची खरी ताकद दिसली. उरलेल्या प्रत्येक चकतीत, तिच्या साच्यात, उलट दिशेने अगदी किंचित, नियमात बसेल इतकंच वळण घालायचं. एकाही सांध्यावर जास्त ताण येता कामा नये, डोळ्यांना काही दिसता कामा नये, आणि मध्यावर येईपर्यंत पूल हळूहळू आपल्या रेषेवर परत यायला हवा. त्या आणि तिवारी रोज संध्याकाळी संगणकातल्या पुलात पुढच्या चकत्या ठेवून बघायचे, काढायचे, परत ठेवायचे. सकाळी स्कॅन आला की सगळं गणित पुन्हा. कित्येक महिने हे चाललं. ह्या काळात यार्डाच्या कामाचा कुठलाही अहवाल गेला तर त्यावर तिवारीची सही असायची. तो बिचारा एकदा मला म्हणाला, "सर, मी दीदींचं नाव घालतो, त्या खोडतात. म्हणतात, सही ज्याची, रात्रीचं जागरण त्याचं, मला आता झोपायचंय."

शेवटची चकती बसवायचा दिवस आला तेव्हा पुलावर मांडव होता, पाहुणे होते. शर्वाणीताईंना निमंत्रण नव्हतं. मी वर माझ्या उपकरणांपाशी होतो. कालव्याच्या काठावर तोबा गर्दी. पुलाची दोन्ही टोकं समोरासमोर, मध्ये एका चकतीची जागा. क्रेनने ती उचलली, फिरवली, खाली आणायला सुरुवात केली. हल्दार ओठांत शिटी धरून हाताने खुणा करत होता. मी दुर्बिणीला डोळा लावला. दोन्ही कडा एका रेषेत. मी परत बघितलं. माझ्या वरिष्ठांना बघायला सांगितलं. त्यांनी बघितलं आणि चष्मा पुसला.

चकती आत गेली. काही आवाज झाला नाही. ड्रॉवर आत सरकावा तशी ती बसली.

तिवारी कठड्यापाशी धावत गेला आणि खाली गर्दीत कुणाला तरी शोधू लागला. मीही बघितलं. त्या तिथे होत्या, बसने आलेल्या, भाज्यांच्या टोपल्या घेतलेल्या बायकांच्या घोळक्यात. त्याने दोन्ही हात एकमेकांत अडकवून वर करून दाखवले. त्यांनी त्याच्याकडे बघून मान हलवली आणि शेजारच्या बाईचा हात धरला. ती बाई त्यांना ओळखत नव्हती. दोघी तशाच उभ्या राहिल्या. शर्वाणीताई रडत होत्या की उन्हामुळे डोळे बारीक केले होते, ते मला एवढ्या वरून कळलं नाही.

त्यानंतर लवकरच माझी नागपूरला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तर त्या घरी नव्हत्या. वडील म्हणाले, हल्दियाच्या एका नव्या यार्डात मुलींच्या तुकडीला शिकवायला गेलीय, रविवारी येईल. रविवारी आमची गाडी होती.

त्या रविवारी सकाळी सामान टॅक्सीत भरून आम्ही हावड्याला निघालो. मुद्दाम वळसा घेऊन मी टॅक्सी नव्या पुलाखालच्या रस्त्याने न्यायला सांगितली, बायकोला तो खालून बघायचा होता. पुलाच्या सावलीत आता बाजार भरू लागला होता. सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा मला त्या दिसल्या. हातात कापडी पिशवी, केस नुकते धुतलेले, एका मासेवालीच्या पाटीपुढे उकिडव्या बसल्या होत्या. तीन पिढ्यांनी आठल्यांच्या घरात मासा आला तो ह्याच शहराने आणला, हे मला माहीत होतं, पण त्यांना बाजारात मी कधी बघितलं नव्हतं. त्या एक मासा हातात घेऊन त्याचे कल्ले उघडून बघत होत्या आणि मासेवालीला काहीतरी सुनावत होत्या. मासेवालीही तेवढ्याच जोराने उलट बोलत होती. वरून शाळेची एक बस गेली, मागोमाग आणखी गाड्या. पूल थोडा घुमला. बाजारात कुणी मान वर केली नाही.

मी काच खाली करेपर्यंत सिग्नल सुटला. मागे वळून बघितलं तेव्हा त्यांनी तो मासा परत पाटीत ठेवला होता आणि त्या दुसरा निवडत होत्या.